विस्तव न देणारा दौलत

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक लग्न झालं. जेवणं आटोपल्यावर मांडवात पोरंबाळं गोष्टी सांगत बसली होती. माझ्या पुतण्याचा मुलगा चाकाच्या घराची गोष्ट सांगत होता. चिचगडच्या जंगलात म्हणे एक ड्रायव्हर होता. त्याची बायको मेली, पण त्यानं तिला जाळलं नाही. टिनाच्या घरात ठेवलं आणि त्या घराला चाकं लावून गावोगाव हिंडला. मढं टिकावं म्हणून ऐन हिवाळ्यात खिडक्या सताड उघड्या ठेवायचा. त्याच्या आगटीतला विस्तव तो कोणाला देत नसे; जो कोणी तो घरी नेईल, त्याच्या घरातलं माणूस मरायचं.

पोरं एकमेकांना बिलगून ऐकत होती. मी खाटेवर आडवा होतो. ड्रायव्हर आणि त्याचं चाकांचं घर सोडलं तर त्या गोष्टीत दोनच गोष्टी खऱ्या होत्या, उघड्या खिडक्या आणि न दिलेला विस्तव. बाकीचं आमच्या गावानं रचलं. ते रचलं जात होतं तेव्हा मी तिथेच होतो आणि सगळ्यांत शहाणा समजला जात होतो. आता तिथलं कोणी उरलेलं नाही. म्हणून त्या माणसाबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवतो.

त्याचं नाव दौलत. आडनाव मला कधीच कळलं नाही. कारण गावच्या पाटलांना त्यानं एक सांगितलं, मला दुसरं आणि चिचगडच्या दुकानदाराला तिसरं. गोंदियाकडचा होता आणि लढाईच्या काळात आसामच्या बाजूला लष्कराची लॉरी चालवून आला होता, एवढं खरं असावं. बुटका, रुंद छातीचा, धोतरावर खाकी स्वेटर. स्वेटरच्या दोन्ही कोपरांना भोकं. गळ्यात तुळशीची माळ. बोलताना त्याचे दोन्ही हात पुढे येत आणि एखादं अदृश्य स्टिअरिंग धरल्यासारखे हलू लागत. पुढेपुढे माझ्या ध्यानात आलं की हे हात नेहमी हलत नाहीत. खरं बोलताना ते मांडीवर स्वस्थ पडलेले असत. खोटं बोलू लागला की गाडी सुरू होई. खोटं जितकं मोठं, तितकं वळण मोठं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमचा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. मी मूळचा दवनीवाड्याकडचा, सपाट धानाच्या मुलखातला. देवरीच्या पुढे, चिचगडच्या अलीकडच्या एका गावात मास्तर म्हणून गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे थंडी अंगाला लागते, तिथली हाडाला लागायची. पौषात सकाळी तलावावर अशी वाफ उठे की तलावाखाली कोणी चूल पेटवलीय असं वाटावं. मी भागरताबाईच्या ओसरीवरच्या खोलीत राहत असे. भागरताबाई विधवा. दोन गाई, थोडं धान आणि गावातल्या प्रत्येक घरची बातमी एवढी तिची इस्टेट.

धान कापून झालं होतं, खळ्यांवर मळणी चालली होती. एका दुपारी रस्त्यावर एक लॉरी थांबली आणि मागे जोडलेलं एक विचित्र धूड सोडून निघून गेली. दोन चाकांवर लाकडी खोली, बाहेरून टिन मारलेलं, वर गोलसर छप्पर, तीन बाजूंना वर उचलायच्या झडपांच्या खिडक्या. लष्कराचा माल लिलावात निघे त्यातलं ते. सीताराम पाटलांच्या बैलांनी ते गावापर्यंत ओढत आणलं. पाटील कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीचे. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला, त्यामुळे तलावाच्या आसपासचं गवतसुद्धा आपल्याला विचारून उगवतं अशी त्यांची समजूत.

"काय आहे गा हे?" पाटलांनी विचारलं.

"बंगला," दौलत म्हणाला.

"अन् चाकं कायले?"

"बंगल्याले पाय नको का, पाटील? मालकाले जा म्हटलं तं बंगल्यानं का मागे राहावं?"

लोक हसले. पाटील हसले नाहीत. त्यांनी आमराईतली सावलीची जागा दाखवली. दौलतनं मान हलवली. झाडाखाली पहाटे दव गळतं आणि सकाळचं ऊन मिळत नाही, म्हणाला. त्यानं तलावाच्या पाळीपलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा, उघडा माळ निवडला. दार उगवतीला केलं, चाकांना दगड लावले. दाराच्या फटीतून आतला जाड पडदा तेवढा दिसे. घर ओढून आणलं तेव्हाही तो बंद होता, आणि दार सताड उघडलेलं कोणी कधी पाहिलं नाही.

पाटलांना त्यानं सांगितलं, लाखेची खरेदी करायला आलो. भागरताबाईला सांगितलं, सरकारनं तलाव मोजायला पाठवलंय. मला म्हणाला, "गुरुजी, मोहफुलाचा ठेका. बोलू नका कोणाले, कॉम्पिटिशन आहे." तिन्ही वेळा स्टिअरिंग फिरलं असणार. माझ्या वेळेस तर फिरलंच. संध्याकाळी पाटलांच्या ओट्यावर आम्ही तिघं जमलो आणि एकमेकांजवळची माहिती एकमेकांना दिली. गावाचा संशय तिथे सुरू झाला. आणि त्यात चूक काय? जो माणूस एकाच दिवशी तीन धंदे सांगतो, त्याचा चौथा धंदा काय, हे कोणीही विचारणारच.

पुढचा महिनाभर तो जे जे करी त्यानं संशयाला खतपाणीच मिळालं.

पहिलं म्हणजे तणस, धानाचा पेंढा. त्यानं दोन बैलबंड्या तणस घेतलं. घरी ना गाय, ना बैल. ते त्यानं गोणपाटाच्या बोऱ्यांत दाबून भरलं आणि ते बोरे घराच्या तळाखाली, चाकांच्या आजूबाजूनं, जमिनीपर्यंत असे रचले की घराखालून मांजरही जाऊ नये. लांबून वाटे, घर बोऱ्यांवर अंडी उबवायला बसलंय.

मी शाळा सुटल्यावर तिकडे चक्कर मारी. खरं सांगायचं तर हेरगिरी करायलाच जाई, आणि चहाही मिळे. चहा नेहमी बाहेर, आगटीपाशी. मी तणसाबद्दल विचारलं तेव्हा त्याचे हात मांडीवर होते.

"थंडी वरून नाही येत, गुरुजी. खालून येते. माणूस वर दोन गोधड्या घेते अन् खाली उघडा राहते. मंग म्हणते, गोधडीत दम नाही. या घराच्या खालून वारा वाहते ना, तो पहिले बंद केला पाहिजे."

"पण मग खिडक्या उघड्या कशाला?"

त्याचे हात मांडीवरून उठले. "मले कोंडल्यासारखं होते जी. ड्रायव्हर माणूस. वारा लागला पाहिजे."

हे कोडं काही सुटेना. घराला खालून गोधडी घालायची आणि वरून तिन्ही खिडक्या उघड्या टाकायच्या. पाटील म्हणत, "हा वेडा आहे का लुच्चा, एवढंच पाहाचं राह्यलं."

टिनाला आतून त्यानं बोऱ्यांचं छत लावलं होतं, टिन आणि बोरे यांच्यामध्ये वीतभर जागा सोडून. घर उंच, त्यामुळे खालून उघड्या खिडकीतून मला तेवढंच दिसे. त्यावरही तो मोठ्या हौसेनं बोलायचा. टिनाच्या घरात माणूस झोपला की त्याचा श्वास टिनाला लागून पाणी होतो आणि पहाटे अंगावर ठिबकतो. "आसामात आमचं अंथरूण रोज ओलं. आम्हाले वाटे पाऊस. पाऊस नाही, आमचाच दम होता तो." शेगडी घरात कधीच न्यायची नाही, हा त्याचा दुसरा कायदा. त्याचे दोन सोबती थंडीत लॉरीच्या मागच्या भागात कोळशाची शेगडी घेऊन, ताडपत्री घट्ट बांधून झोपले. सकाळी ताडपत्री सोडली तर दोघंही झोपल्यासारखेच. हे सांगताना त्याचे हात अगदी निश्चल होते. शेगडीच्या जागी त्याचे दगड होते. नदीतले गुळगुळीत गोटे. दुपारपासून ते आगटीत तापत. दिवस मावळायच्या आधी एकेक चिमट्यानं उचलून, बोऱ्याच्या तुकड्यात गुंडाळून तो आत नेई. "दगडासारखा इमानदार कोणी नाही. धूर नाही, ठिणगी नाही, रात्रभर पायापाशी पडून राहते."

मी दगडांकडे पाहत असे. एका माणसाच्या दोन पायांना इतके दगड लागत नाहीत.

सकाळी तो अंथरुणं उन्हात टाकी. दोरीवर दोन उशा असत. "एक पायाखाली घेतो," म्हणे, आणि डावीकडे मोठं वळण घेई. गोंडांच्या टोलीवरून, त्यांच्या वस्तीवरून, अंडी आणी. हे कळल्यावर पाटलांनी चावडीत प्रश्न टाकला, "माळकरी माणूस अंडी कोणाले चारून राहिला?" त्यावर कोणी म्हणालं, पळवून आणलेली बाई असेल. कोणी म्हणालं, फरारी माणूस असेल. मी फरारी माणसाच्या बाजूचा होतो. मला ते जास्त तर्काला धरून वाटे.

मग विस्तवाचं झालं.

तिकडे तेव्हा सकाळी चूल विझलेली दिसली की बाया आगपेटी शोधत नसत. शेजारी जात. खापरीच्या तुकड्यावर दोन इंगळ घ्यायचे, वर राख टाकायची, घरी यायचं. मागणाऱ्याला संकोच नसे, देणाऱ्याचे उपकार नसत. विस्तव नाकारायचा तो एकाच वेळी, घरात कोणी मेलं असेल तर. सुतकाच्या घरचा विस्तव दुसऱ्या चुलीत जात नाही. म्हणून "विस्तव नाही" असं कोणी म्हटलं की मागणारी बाई एकदम आवाज खाली आणून विचारी, "कोण गेलं वो?"

भागरताबाई गाई घेऊन माळावर गेली होती. येताना तिनं दौलतच्या आगटीपाशी खापरी पुढे केली. मी पाळीवरून शाळेकडे निघालो होतो, मला सगळं दिसलं. दौलत धावत आला. "हात नको लावू!" असा ओरडला की गाई बुजल्या. त्यानं तिच्यात आणि आगटीत स्वतःला उभं केलं, स्वेटर चाचपून कोरी आगपेटी काढली आणि तिच्या हातात कोंबली.

"पेटी घे, माय. अख्खी घे. विस्तव नको मागू."

"काऊन? तुह्या घरी कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं."

"मंग काऊन नाही देत?"

"नाही देत," दौलत म्हणाला. इतक्या सहज खोटं बोलणाऱ्या माणसाला त्या वेळी एकही खोटं सुचलं नाही.

भागरताबाईनं ती पेटी घरी आणली नाही. वाटेतल्या दगडावर ठेवून आली. दुपारपर्यंत गावाला उत्तर मिळालं होतं. आत पळवलेली बाई नव्हती, फरारीही नव्हता. आत मढं होतं. उघड्या खिडक्या, थंडी, बंद पडदा, सगळं त्यात चपखल बसलं. अंडी कोणाला लागतात, असं मी विचारून पाहिलं. "मढ्याले निवद लागते गुरुजी," पाटील म्हणाले, आणि माझं शिक्षण तिथे संपलं.

माघात एक दिवस सकाळपासून आभाळ आलं आणि वारा सुटला. रविवार होता. मी टोलीवर, शाळेत न येणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन परत येत होतो. दौलत दिसत नव्हता. तो आठवड्यातून एकदा देवरीवरून बसनं गोंदियाला जाई. चाकाच्या घराजवळून जाताना वाऱ्यानं एक झडप धाडकन पडली, मग दुसरी. मी थबकलो. आतून आवाज आला.

"गुरुजी, खिडकी उभी करून द्या जी. काडी तिथंच पडली असंल, खाली."

मी खाली वाकून काडी शोधू लागलो. काडी सापडायला वेळ लागला. बोऱ्यांवर चढून झडप उचलली, टेकू दिला, तेव्हा आत खाटेवर एक बाई बसलेली दिसली. तिशीच्या आतली, हडकुळी, पण डोळे हसरे. अंगावर गोधडी, पायाशी गुंडाळलेले दगड. तिनं लगेच पदर तोंडावर घेतला.

"तुम्ही त्या अंगाले उभे राहा. वारा तुमच्याकडून माह्याकडे आला पाहिजे. अजून थोडे. हां."

"तुम्ही कोण?"

"मी मढं," ती म्हणाली आणि हसता हसता खोकली. "मले आयकू येते ना सारं. खिडक्या उघड्या असतात."

तिचं नाव सगुणा. दौलतची बायको. तिला क्षय झाला होता. दवाखान्यात खाट मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, गावाच्या बाहेर, कोरड्या हवेत ठेवा, खिडक्या उघड्या ठेवून झोपवा, दूध-अंडी द्या. घरी दीर-जावा होत्या, लहान लेकरं होती. त्यांनी राहू दिलं नाही. भाड्याच्या एका खोलीत राहिले, घरमालकाला कळलं, निघावं लागलं. मग दुसरी खोली. तिथेही तेच.

"मंग त्यानं हे घर आणलं. म्हणे, असं घर करतो का जिथून कोणी आपल्याले निघा म्हटलं तं घरच निघंल. पहिल्या हिवाळ्यात मी थंडीनं मेलीच होती. खिडकी बंद केली तं दम कोंडे, उघडली तं दात वाजत. मंग तो रोज एक युगत करे. एक दिवस तणस, एक दिवस दगड. आता मले बाहेरून वारा लागते अन् आतून ऊब. चोळी घट्ट झाली माही," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली.

"मग गावात खरं का सांगत नाही?"

"खरं सांगूनच दोन घरं सुटली गुरुजी. आता तो बारा खोट्या सांगते. येत नाही त्याले. हात हालवते, पाहिलं ना?"

मी विस्तवाचं विचारलं. तिनं खाटेखालचं, कागद घातलेलं मातीचं बोळकं दाखवलं. तिची थुंकी रोज त्या आगटीत जाळत. "त्या आगीतले इंगळ कोणाच्या चुलीत कसे द्यायचे? तिथं लेकरं जेवतात. आग सारं जाळते म्हणतात डॉक्टर. पण त्याचं मन नाही होत. म्हणते, आपल्याले का ठाऊक, एखादा कण राहिला तं?"

मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "बिमारीचं सांगू नका जी गावात. होळीपर्यंत. होळीनंतर ऊन पडते, मंग आम्ही जाऊन राहिलो." मी हो म्हटलं.

त्यानंतर दौलतकडे चहा प्यायला गेलो नाही. थंडी फार आहे, असं स्वतःला सांगितलं. रस्त्यात भेटला तर तो काही बोलत नसे, पण त्याला कळलं आहे हे मला कळे. आता मला पाहिलं की तो दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घाली.

थोड्याच दिवसांत भागरताबाईची कालवड मेली. मग आणखी कोणाचा बैल बसला. एरवी हे दर हिवाळ्यात होई, यंदा त्याला कारण मिळालं. पाटलांनी सकाळी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. दौलतलाही. तो आला, मफलर सोडून उभा राहिला.

"आत कोण आहे?" पाटलांनी विचारलं.

"कोणी नाही. मी अन् माझे दगड." हात सुरू झाले.

"दार उघडून दाखव."

"नाही दाखवत."

"काऊन?"

"माझं घर आहे, पाटील. तुमच्या घरात मी डोकावलो का?"

"माह्या घरी विस्तव मागाले ये, भेटंल," पाटील म्हणाले, आणि सगळी चावडी हं म्हणाली. मग ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. याच्याकडे तुमचं येणंजाणं आहे. तुम्ही सांगा. तुमचा शब्द गाव मानते. आत मढं आहे का नाही?"

दौलत माझ्याकडे पाहत होता. विनवणी नव्हती त्या नजरेत. पुढून गाडी येताना ड्रायव्हर पाहतो तसं पाहत होता, हा कोणत्या बाजूनं जाईल म्हणून.

मी म्हणालो, "मला काय माहीत? मी आत कधी गेलो नाही."

हे शब्दाला धरून खरं होतं. वचन दिलं होतं म्हणून गप्प राहिलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण तिनं आजाराचं सांगू नका म्हटलं होतं. आत एक जिवंत बाई आहे, मी तिच्याशी बोललो आहे, एवढं म्हणायला तिची मनाई नव्हती. मग "मग ती लपते कशाला?" असा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्यानंतर त्या आगटीपाशी इतके दिवस कोण चहा पीत होतं, हा. भागरताबाईनं माझी वळकटी ओसरीवरून खाली टाकली असती. शाळेत पोरं आली नसती. हे सगळं माझ्या मनात क्षणात येऊन गेलं. त्यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

दौलतनं नजर काढून घेतली. "उद्या सकाळी जातो," म्हणाला. "बैल द्या फक्त, रस्त्यापर्यंत."

"मढ्याच्या गाडीले कोणाचे बैल?" पाटील म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तणसावर पांढरं दव गोठलं होतं. दौलत अंधारातच रस्त्यावर गेला असावा. दिवस उगवायच्या सुमारास बांबू वाहणारी एक लॉरी माळावर मागे मागे येताना दिसली. ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा होता की लॉरीवाले एकमेकांचं ऐकतात म्हणून आला, कोण जाणे. घर जोडून झालं. गाव पाळीवर येऊन उभं राहिलं, माळावर कोणी उतरलं नाही.

लॉरी घुरघुरत होती, आणि दौलत निघेना. तो बादली घेऊन तलावावर गेला. त्यानं पाणी आणून आगटीवर ओतलं. मोठी वाफ उठली. काठीनं राख ढवळली, पुन्हा तलावावर गेला, पुन्हा ओतलं. गुडघ्यावर बसून उघड्या हातानं राखेत इंगळ चाचपून पाहू लागला. मग कुदळ घेऊन खड्डा खणला, ती सगळी ओली राख त्यात लोटली, माती टाकली आणि त्याचे ते इमानदार दगड एकेक करून वर रचले. लॉरीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

भागरताबाई माझ्या शेजारी उभी होती. तिनं छाती बडवली. "पाहा वो माय! जाता जाता विस्तव मारून राहिला! गावाच्या चुली विझवून राहिला मेला!"

ज्या गावानं बायकोसकट हाकललं, त्या गावातल्या कोण्या बाईनं मागून येऊन त्या राखेतला इंगळ उचलू नये, म्हणून तो माणूस थंडीत पाणी वाहत होता. पाळीवर उभ्या असलेल्या एवढ्या माणसांत हे एकट्या मला माहीत होतं. मी बिडी काढली आणि ओढत राहिलो.

लॉरी हलली. घरावर बांधलेल्या बोऱ्यांतलं तणस वाटेवर सांडत गेलं. खिडक्या उघड्याच होत्या. एका खिडकीची झडप खड्ड्यात आदळून पडणार, तेवढ्यात आतून एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि त्यानं काडी पुन्हा नीट लावली.

"पाह्यलं?" भागरताबाई किंचाळली. "मढ्याचा हात!"

माझी बदली झाली तेव्हा निघताना मी भागरताबाईला खरं सांगितलं. ती धान पाखडत होती. सूप थांबलं.

"माह्या सासूले बी तेच होतं," ती म्हणाली. "मीच तिची थुंकी उचलली, मरेपर्यंत. मी का वाघीण होती, त्या पोरीले खाल्ली असती?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही तं गुरुजी होते. तोंड उघडाचं होतं." सूप पुन्हा चालू झालं. पण गोष्ट बदलली नाही. तोवर ती चिचगडच्या बाजारापर्यंत पोचली होती, आणि खरं सांगायचं तर खऱ्यापेक्षा रंगायची चांगली.

दौलतला मी नंतर एकदाच पाहिलं. साठ साल यायचं होतं. हिवाळ्यात शाळेच्या कामासाठी गोंदियाला गेलो होतो. मोटार स्टँडच्या मागे, लाकडाच्या वखारीपलीकडे एक मोकळी जागा होती. तिथे ते घर उभं होतं. टिन आणखी काळं पडलेलं, तळाखाली तणसाचे बोरे, खिडक्या उघड्या. पुढे आगटी, आणि आगटीपाशी तोच स्वेटर. मी जवळ गेलो. त्यानं मला ओळखलं, पण उठला नाही.

दोरीवर दोन उशा वाळत होत्या. शेजारी एक हिरवं लुगडं, ओलं, अजून पाणी ठिबकत असलेलं.

"कसं काय दौलत?" मी म्हणालो. मग विचारल्याशिवाय राहवेना. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी चावडीवरच्यासारखं. मग त्याचे दोन्ही हात मांडीवरून उठले.

"कोण वहिनी? मी एकटाच राहतो जी इथं." आणि ते अदृश्य स्टिअरिंग सावकाश, लांबच लांब डावीकडे फिरलं.

आत बांगड्या वाजल्या. कोणीतरी भांडं ठेवलं. आम्ही दोघांनीही ते ऐकलं आणि दोघांनीही ऐकलं नाही. काहीतरी करायचं म्हणून मी बिडी काढली आणि पेटवायला आगटीवर वाकलो. इंगळ लालभडक होते. तेवढ्यात त्याचा आडवा हात मध्ये आला. दुसऱ्या हातानं त्यानं खिशातून कोरी आगपेटी काढून माझ्यापुढे धरली.

"पेटी ठेवा तुमच्यापाशी, गुरुजी," तो म्हणाला.